ऑफ-रोडसाठी चाक निवडताना: रिम लहान, रबर जास्त

एकाच एसयूव्हीचे दोन प्रकार शेजारी उभे केले की एक फरक लगेच डोळ्यांत भरतो. महाग प्रकाराच्या रिम मोठ्या आणि चकचकीत असतात, आणि त्यांच्याभोवती टायरची काळी पट्टी बारीक झालेली असते. स्वस्त प्रकाराची रिम लहान, टायर जाडजूड, दिसायला जरा जुन्या वळणाचा. खडी, चाकोऱ्या, ओढे, चिखल, थोडी वाळू आणि अधूनमधून वर आलेले दगड अशा वाटांवर गाडी नेणार असाल, तर यातलं स्वस्त गाडीचं चाक सरस आहे.

पंधरा-सोळा इंचांच्या रिम एकेकाळी अशा गाड्यांना सर्रास असत. आता अठरा, एकोणीस, वीस इंच नेहमीचे झाले आहेत. त्यामुळे गाडी घेतल्यावर पहिल्यांदा डांबर सोडणाऱ्या माणसाला प्रश्न पडतो: चाक बदलायचं का? बदलायचं तर टायर मोठा घ्यायचा, रुंद घ्यायचा, की रिमच वेगळी? सल्ले उदंड मिळतात आणि बहुतेक सल्ले ‘आणखी मोठा घे’ या दिशेने जातात. हा लेख त्या गाडीसाठी आहे जी आठवडाभर हमरस्त्यावर धावते आणि सुट्टीत कच्च्या वाटेला लागते. दगडांच्या भिंती चढणाऱ्या स्पर्धेच्या गाड्यांचं गणित वेगळं असतं, त्यात मी शिरत नाही.

## टायरच्या बाजूवर काय लिहिलेलं असतं

टायरच्या बाजूला २६५/६५ आर १७ असं काहीतरी कोरलेलं असतं. पहिला आकडा रुंदी: हवा भरलेला टायर एका बाजूच्या फुगवट्यापासून दुसऱ्या बाजूच्या फुगवट्यापर्यंत २६५ मिलिमीटर. जमिनीला टेकणारा पट्टा यापेक्षा अरुंद असतो. दुसरा आकडा टक्केवारी आहे: टायरच्या बाजूच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची, उंची रुंदीच्या ६५ टक्के. २६५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १७२ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, आणि १७ म्हणजे ज्या रिमवर हा टायर बसतो तिचा व्यास, इंचांत.

पूर्ण चाकाची उंची काढायची तर रिमचा व्यास अधिक दोन साइडवॉल. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर, त्यात दोनदा १७२.२५ मिळवले की ७७६ मिलिमीटर होतात. एवढं गणित जमलं की दुकानातल्या बहुतेक गप्पा तुम्हाला स्वतः पडताळता येतात.

आता हे चार आकार पाहा: २६५/७० आर १६, २६५/६५ आर १७, २६५/६० आर १८ आणि २६५/५० आर २०. रिम सोळापासून वीस इंचांपर्यंत वाढत जाते, पण पूर्ण चाकाची उंची अनुक्रमे ७७७, ७७६, ७७५ आणि ७७३ मिलिमीटर, म्हणजे जवळपास तीच राहते. बदलते ती साइडवॉल: १८५ मिलिमीटरवरून १३२ वर येते. रिम मोठी केली म्हणून चाक मोठं होत नाही. मडगार्डखाली जागा तेवढीच असते, म्हणून रिम जेवढी वाढते तेवढं रबर कमी होतं. या लेखातलं बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

## उंच साइडवॉल हवी कशासाठी

रस्त्यावर साइडवॉल ठेंगणी असली की स्टिअरिंग चटकन प्रतिसाद देतं, वळणावर गाडी कमी डुलते. कच्च्या वाटेवर तिला दोन वेगळी कामं करावी लागतात. पहिलं, दगडाचा किंवा खड्ड्याच्या कडेचा दणका रिमपर्यंत पोचण्याआधी पचवणं. टायर दबून रिम आणि दगड यांच्यात चिमटला, की साइडवॉल फाटते किंवा रिमची कड वाकते. ट्रेडमध्ये, म्हणजे जमिनीला लागणाऱ्या नक्षीदार भागात, खिळा घुसला तर पंक्चर काढता येतं. साइडवॉलला चीर गेली तर वाटेत करता येण्याजोगी भरवशाची दुरुस्ती नसते. तो टायर बदलावाच लागतो.

दुसरं काम याहून मोठं. कच्च्या वाटेवर जाणकार लोक टायरमधली हवा मुद्दाम कमी करतात, आणि हवा कमी करायला साइडवॉलमध्ये दबायला जागा लागते.

उंटाचं पाऊल डोळ्यांसमोर आणा. वाळूवर टेकलं की ते पसरतं, भार मोठ्या जागेवर वाटला जातो आणि उंट रुतत नाही. हवा कमी केलेला टायर हेच करतो. ढोबळ गणित असं: एका चाकावर ५०० किलो भार आहे आणि टायरमध्ये ३२ पीएसआय हवा आहे. ३२ पीएसआय म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलोचा दाब. तर ५०० किलो पेलायला साधारण २२२ चौरस सेंटिमीटर रबर जमिनीला टेकावं लागतं. हवा १८ पीएसआयवर आणली की तेच क्षेत्र ३९५ चौरस सेंटिमीटरपर्यंत जातं. प्रत्यक्षात साइडवॉलचा ताठरपणाही थोडा भार उचलतो, त्यामुळे आकडे तंतोतंत येत नाहीत, पण दिशा हीच. आणि वाढ मुख्यतः लांबीत होते. टेकलेला पट्टा पुढे-मागे लांबतो, दगडांच्या आकारानुसार वळतो आणि सगळी नक्षी कामाला लागते.

हे सगळं ३२ पीएसआयच्या कडक टायरमध्ये होत नाही, मग तो कितीही महाग असो. म्हणून चाक निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारतो: या चाकातली हवा निर्धास्तपणे किती खाली आणता येईल? १३२ मिलिमीटरची साइडवॉल दबली की रिमची कड दगडाच्या फार जवळ येते. १८५ मिलिमीटरच्या साइडवॉलला तेवढंच दबूनही पाच सेंटिमीटरहून जास्त रबर शिल्लक राहतं.

## हवा किती कमी करायची

खडी आणि चाकोऱ्यांच्या वाटेवर कंपनीने सांगितलेल्या दाबापेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी पुरते. ३२ ची शिफारस असेल तर २४ ते २६. दगडाळ आणि हळू वाटेवर २० ते २२. मऊ वाळूत १६ ते १८. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नये, कारण मग टायरची आतली कड, जिला बीड म्हणतात, आडव्या धक्क्याने रिमवरून सुटू शकते. हे आकडे सुरुवातीसाठी आहेत. जड गाडीला आणि सामान भरलेल्या गाडीला जास्त हवा लागते.

हवा कमी असताना वेग कमी ठेवायचा आणि झटक्याने वळायचं नाही. डांबरावर परतताना हवा पुन्हा भरायचीच. कमी हवेत वेगाने धावणारा टायर आतून तापतो, आणि ती उष्णता त्याला फाडू शकते. म्हणून दाब मोजायचं गेज आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर घेतल्याशिवाय नवीन टायरचा विचारही करू नये असं माझं ठाम मत आहे. कितीतरी गाड्या आहे त्याच टायरवर, फक्त हवा कमी करून, अडलेल्या जागेतून सहज निघतात.

एक गैरसमज इथेच दूर करू. टायरच्या बाजूवर छापलेला पीएसआयचा मोठा आकडा म्हणजे भरायची हवा नव्हे, ती कमाल मर्यादा आहे. भरायचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

## ‘पण मोठ्या टायरने गाडी उंच होते ना?’

होते, पण वाटते त्याच्या निम्मी. चाकाचा मध्य ॲक्सलवर असतो, त्यामुळे व्यासात झालेल्या वाढीचा अर्धाच भाग गाडीखाली मिळतो. २६५/६५ आर १७ काढून २६५/७० आर १७ बसवला तर व्यास ७७६ वरून ८०३ मिलिमीटर होतो आणि गाडी जेमतेम १३ मिलिमीटर उचलली जाते. २८५/७० आर १७, ज्याला लोक ‘तेहतीस इंची’ म्हणतात, त्याचा व्यास ८३१ मिलिमीटर. तिथे मिळतात २७ मिलिमीटर. मोठा टायर खड्डा आणि पायरी अधिक सहज ओलांडतो, हा फायदाही खरा आहे.

आता किंमत पाहू. पहिल्या बदलात चाक ३.४ टक्के मोठं होतं, दुसऱ्यात ७ टक्के. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, म्हणजे सगळे गिअर तेवढ्याच टक्क्यांनी उंच झाल्यासारखे वागतात. चढावर इंजिन दमतं, आणि उतारावर इंजिनचा धरून ठेवण्याचा जोर कमी होतो. कच्च्या वाटेवर नेमका तोच जोर हवा असतो. ब्रेकनेही तेवढंच घट्ट धरलं तरी लांब त्रिज्येमुळे जमिनीवर पोचणारं बळ सुमारे साडेसहा टक्क्यांनी कमी भरतं. शिवाय मोठे, जाड टायर काही किलोंनी जड असतात, आणि ते वजन नुसतं वाहायचं नसतं, प्रत्येक वेळी फिरवायचं आणि थांबवायचं असतं. गाडीचं ॲव्हरेज घटतं ते यामुळेच.

स्पीडोमीटरही चुकतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. म्हणून कंपन्या तो थोडा जास्त दाखवेल असा ठेवतात. तीन टक्क्यांची वाढ बहुधा त्या फरकात मुरते. सात टक्क्यांनंतर काट्यावर १०० दिसत असताना गाडी त्याहून वेगात असण्याची शक्यता वाढते.

माझा कल स्पष्ट आहे. मध्यम ऑफ-रोडसाठी मूळ व्यास किंवा त्याहून तीन टक्क्यांपर्यंत मोठा, इथेच थांबावं. सुझुकी जिम्नी १९५/८० आर १५ टायरवर येते. तिच्या चाकाचा व्यास ७०० मिलिमीटरही भरत नाही, पण साइडवॉल १५६ मिलिमीटर आहे आणि गाडी हलकी आहे. तिची वाट चाकांच्या लहानपणामुळे फारशी अडत नाही. जीप रँग्लर रुबिकॉनला २८५/७० आर १७ कारखान्यातूनच मिळतो, हे खरं. पण तिचं लो-रेंज गिअरिंग, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर, ॲक्सल आणि मडगार्डची पोकळी या टायरला धरून आखलेली आहेत. तोच टायर दुसऱ्या गाडीला नुसता अडकवला की त्या बाकीच्या गोष्टी सोबत येत नाहीत.

## ‘रुंद टायरची पकड जास्त, नाही का?’

वर केलेलं गणित पुन्हा आठवा. टेकणारं क्षेत्र प्रामुख्याने भार आणि हवेचा दाब यांवर ठरतं. दाब तोच ठेवून टायर रुंद केला तर क्षेत्र फारसं वाढत नाही, त्याचा आकार बदलतो: आडवा रुंद आणि पुढे-मागे आखूड. मऊ वाळूत आणि खोल, तळ नसलेल्या चिखलात रुंद टायर वर तरंगायला मदत करतो. उथळ चिखलात मात्र अरुंद टायर वरचा राडा कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतो. पावसात भरधाव जाताना, रस्त्यावर साचलेल्या पाण्यात, रुंद टायर पाण्यावर घसरायला अधिक लवकर लागतो. आणि चाकोरीत तो कडांना घासत जातो.

दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप ६.००-१६ आकाराच्या टायरवर धावली, म्हणजे रुंदी जेमतेम सहा इंच. ती जिथे जिथे गेली ते पाहता अरुंद टायरला कमी लेखायचं कारण नाही. मिश्र वाटांसाठी मूळ रुंदी ठेवावी, फार तर दहा मिलिमीटर वाढवावी.

## रिमवरचे आकडे

टायरबद्दल लोक तासन्‌तास बोलतात आणि रिम रंगावरून घेतात. खरं तर चूक झाली तर रिममधली चूक जास्त धोक्याची.

पीसीडी म्हणजे नटांच्या भोकांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. ६ × १३९.७ म्हणजे सहा नट, १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर. यात ‘जवळपास जुळतं’ असं काही नसतं. जुळतं किंवा जुळत नाही. मधलं भोक गाडीच्या हबवर, म्हणजे चाक ज्या भागावर बसतं त्यावर, नेमकं बसायला हवं. ते मोठं असेल तर योग्य मापाची कडी घालावी लागते, नाहीतर चाक थरथरतं. नटाची बैठकही पाहावी. शंकूच्या आकाराचा नट गोल बैठकीवर घट्ट वाटतो, पण धरत नाही.

ऑफसेट हा सर्वांत गोंधळाचा आकडा. रिमच्या रुंदीच्या मध्यापासून, ती हबला जिथे टेकते तो पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेर आहे, ते हा आकडा सांगतो. आकडा जितका कमी, तितकं चाक गाडीच्या बाहेर येतं. समजा मूळ रिम ७.५ इंच रुंद आणि ऑफसेट ३० आहे. तुम्ही ८ इंची, ऑफसेट २० ची घेतली. रुंदीमुळे दोन्ही बाजूंना सहा-सहा मिलिमीटर वाढले आणि ऑफसेटमुळे अख्खं चाक दहा मिलिमीटर बाहेर सरकलं. बाहेरची कड सोळा मिलिमीटर पुढे आली. एवढं बहुतेक गाड्या सोसतात. पण चाक जितकं बाहेर, तितका व्हील बेअरिंगवर ताण, तितका स्टिअरिंगला दगडांचा हिसका, आणि तितकी वळताना टायर मडगार्डला किंवा बंपरच्या कोपऱ्याला घासण्याची शक्यता. अगदीच आक्रमक, बाहेर आलेली चाकं फोटोत रुबाबदार दिसतात. मी ती सुचवणार नाही.

रिमची रुंदी टायर कंपनीने दिलेल्या मर्यादेत, आणि त्यातही अरुंद बाजूला ठेवावी. २६५ च्या टायरला साडेसात इंची रिम छान बसते. अशा रिमवर टायरचा फुगवटा कडेच्या बाहेर राहतो आणि दगड आधी रबराला लागतो. हवा कमी केल्यावर बीडही जास्त घट्ट धरून राहतं.

स्टीलची की अलॉयची? स्टील जड असतं, पण दणक्याने वाकतं आणि बऱ्याचदा ठोकून सरळ करता येतं. अलॉय हलकी असते, मात्र जोराच्या आघातात तडकू शकते. मध्यम वापराला चांगल्या प्रतीची अलॉय पुरेशी आहे.

## ‘कंपनीनेच वीस इंची दिली आहे, तीच योग्य असणार’

कंपनीने ती रस्त्यावरच्या वागणुकीसाठी, दिसण्यासाठी आणि काही वेळा मोठे ब्रेक आत मावावेत म्हणून दिलेली असते. शेवटचं कारण खरोखरचं बंधन आहे. लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे डिस्क दाबून धरणाऱ्या भागाला, अडली तर ती बसणारच नाही. म्हणून आपल्याच मॉडेलच्या खालच्या प्रकाराला कोणती रिम येते ते पाहावं. ब्रेक तेच असतील तर ती रिम, तिच्या टायरसकट, हा सर्वांत सुरक्षित बदल. ऑफसेट, भार, व्यास हे सगळं कंपनीने आधीच तपासलेलं असतं. वीसवरून अठरावर किंवा अठरावरून सतरावर आलात तरी साइडवॉलमध्ये १३ ते २७ मिलिमीटरची भर पडते. चाकांचा आकार बदलण्याबाबतचे नोंदणीचे आणि विम्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, तेही आधीच बघून घ्या.

## नक्षी आणि भार

एचटी म्हणजे हमरस्त्याचे टायर, एमटी म्हणजे खोल चिखलाचे, आणि एटी या दोन्हींच्या मधले, सर्व प्रकारच्या वाटांचे. मध्यम वापरासाठी एटी घ्यावा. एमटीच्या मोठ्या ठोकळ्यांमुळे ओल्या डांबरावर कमी रबर टेकतं, थांबायला अंतर जास्त लागतं आणि आवाजही वाढतो. आठवडाभर डांबरावर धावणाऱ्या गाडीला तो सौदा परवडत नाही.

आकारानंतर ११२एस असं काहीतरी लिहिलेलं असतं. ११२ हा भार निर्देशांक म्हणजे एक टायर ११२० किलो पेलू शकतो. ‘एस’ म्हणजे कमाल वेग ताशी १८० किलोमीटर. हा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. आकारापुढे ‘एलटी’ लिहिलेले टायर हलक्या ट्रकसाठी, जाड थरांचे असतात. ते चिरांना चांगले तोंड देतात, पण तेवढाच भार पेलायला त्यांना जास्त हवा लागते, आणि ताठरपणामुळे हलकी गाडी त्यांवर आदळत चालते. हलक्या गाडीला साधा एटी, सामानाने भरून दगडाळ मुलखात जाणाऱ्या जड गाडीला एलटी, अशी विभागणी ठीक जाते. एलटी घेतल्यास दाराच्या चौकटीवरचा दाब तसाच चालणार नाही. टायर कंपनीच्या भार-तक्त्यातून नवा दाब काढावा.

## बसवल्यावरची तपासणी

पाचही चाकं एकाच आकाराची घ्या. स्टेपनी मूळ लहान आकाराची राहिली आणि ती चारचाकी ड्राइव्हच्या गाडीला लावून धावलात, तर पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्या जुळत नाहीत आणि ट्रान्सफर केस किंवा डिफरन्शिअल या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागांवर ताण येतो. मोठी स्टेपनी गाडीखालच्या किंवा डिकीतल्या जागेत मावते का, हे टायर विकत घेण्याआधी मोजा.

चाकं बसली की स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पुढे आणि मागे गाडी हलवा. मग एक पुढचं चाक उंचवट्यावर चढवून सस्पेन्शन दबलेल्या अवस्थेत पुन्हा तेच करा, कारण सपाट जमिनीवर न घासणारा टायर दबल्यावर आतल्या प्लास्टिकला किंवा चासीला घासू शकतो. मागच्या चाकांचंही असंच करा. नट टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या मापाला आवळा आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. नव्या रिमवर ते थोडे सैल पडू शकतात.